देवमाशाचा श्वास

रविवार, ४ जानेवारी

साडी साबणात भिजत घातली आहे. चपला गॅलरीत उलट्या टाकल्यात. दोनदा आंघोळ करूनही केसांना डिझेलचा आणि सुकटीचा वास येतोच आहे, म्हणून शेवटी लिहायला बसले.

हे सगळं निसीमच्या डोक्यातलं खूळ. मार्चमध्ये आम्ही दोघं भावंडं पनवेल सोडून इस्रायलला जाणार, त्याच्या मुलाकडे, रोनेनकडे, कायमचं. कागदपत्रं झाली, फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं. आता सामान आवरायचं, तर याला मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला. उरणच्या समुद्रात देवमासा. खाली लिहिलेलं, मोरा जेट्टीवरून दर रविवारी देवमासा सफर.

"ताई, जाण्याआधी एकदा आपला समुद्र बघून घेऊ," म्हणाला.

समुद्र आपला कधी झाला, मला माहीत नाही. त्यावर त्याने ऐकवलं की आपले यहुदी पूर्वज गलबत फुटून याच किनाऱ्याला लागले. मला वाटतं, गलबत फुटलेल्यांच्या वंशजांना तरी बोटीत बसू नये एवढी अक्कल हवी.

गव्हाण फाट्यापासून कंटेनरची रांग आणि धूळ. मोऱ्याच्या धक्क्यावर जाळ्यांचे ढीग, त्यात अडकून सडलेली कोळंबी, त्यावर माश्या, माश्यांवर भुंकणारी कुत्री. बोट मासेमारीचीच, फक्त निळा रंग मारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोरीने बांधलेल्या. कल्पेश नावाचा तरुण माइकवर बोलतो. बोट त्याच्या आत्याची, सुनंदा म्हणून कोळीण आहे, विधवा, पन्नाशी ओलांडलेली. ती सुकाणूपाशी बसते.

देवमासा नाहीच दिसला. "सगळ्यांनी लेफ्टला बघा," म्हणून कल्पेशने काहीतरी काळं दाखवलं, ते जवळ आल्यावर तेलाचं रिकामं पिंप निघालं. खारघरचं एक कुटुंब पक्ष्यांना वेफर्स टाकत होतं आणि पाकिटं समुद्राला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी सकाळचा पोहे-चहा माझ्या चपलेवर परत केला. मी आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांची मूत्रं आणि बेडके तपासले, कधी नाक मुरडलं नाही. पण ते बाटलीत बंद असायचं, वर नाव लिहिलेलं.

निसीम मात्र सगळा वेळ त्या सुनंदाबाईजवळ उभा राहून वाऱ्याच्या दिशा विचारत होता. तिने तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी दिली ती त्याने उभ्याउभ्या खाल्ली. बाहेर पाणीसुद्धा न पिणारा माणूस. तिने त्याच हाताने इंजिनाचा दांडा पुसला होता, मी पाहिलं.

एकदा बघून झालं, एवढं बरं.

रविवार, ११ जानेवारी

पुन्हा गेला. एकटाच. मी साफ नाही म्हटलं.

संध्याकाळी आला तो उन्हाने तांबडा होऊन, नव्या शर्टाला ग्रीस लावून. "दिसला का?" विचारलं, तर म्हणाला, "नाही."

"मग हसतोस काय?"

"सुनंदाबाई म्हणतात, गारठा वाढला की येतील."

काल त्याने कानांतले केस कापून घेतले. मला कळत नाही, देवमाशाला याच्या कानांशी काय करायचंय. भावजय जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी कात्री घेऊन मागे लागते आहे, तेव्हा ऐकलं नाही. म्हातारपणी माणसाला एखादं वेड लागतं तसं हे आहे. कुणी टपाल तिकिटं जमवतं. हे निदान घरात बसून होतं.

त्याचा शर्ट चिमटीत धरून बादलीत टाकला.

गुरुवार, १५ जानेवारी

रोनेनचा फोन. त्याच्या बायकोने, अविटलने, फोन फिरवून त्यांचं स्वयंपाकघर दाखवलं. पांढरंशुभ्र. ओट्यावर एक थेंब नाही. सायरन वाजला की खालच्या खोलीत जावं लागतं म्हणे, पण नळाला पाणी चोवीस तास आणि गटारं झाकलेली. मुलीला, नोगाला बोलावलं. पोरगी बारा वर्षांची झाली. "शालोम" म्हणाली आणि गेली. मराठी तिला येत नाही, मला हिब्रू प्रार्थनेपुरतं. माझी खोली तिच्या खोलीला लागूनच आहे. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, म्हणजे धूळ येणार नाही.

फोन ठेवल्यावर मी उगाच आपल्या ओट्यावर हात फिरवत उभी राहिले. कडेला तेलकट होता. खसाखसा घासला, तरी शेगडीजवळचा डाग गेला नाही. खाली कोपऱ्यावरच्या वडेवाल्याच्या तेलाचा वास खिडकीतून येत होता, तेच तेल तो आठवडाभर वापरतो. जाईन तेव्हा या वासातून सुटेन.

निसीम माळ्यावरच्या बॅगा खाली काढत नाही. पाठ दुखते म्हणतो. धक्क्यावरून बोटीत उडी मारताना दुखत नाही.

रविवार, १८ जानेवारी

आज गेले त्याच्याबरोबर. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. 

वास आधी आला. खांदेरीचा दीपस्तंभ लांब दिसायला लागला होता, वारा समोरून होता. मला वाटलं कुणाच्या डब्यातलं काही नासलं. मग सगळ्यांनीच पदर-रुमाल नाकाला लावले. पाण्यावर तेलासारखा चकचकीत पट्टा पसरलेला, आणि त्याच्या टोकाला तो.

पोट वर. फुगून करड्या तंबूसारखं झालेलं. कातडी ओल्या कागदासारखी सुटून पाण्यात लोंबत होती. कुशीत एक खोल चीर, कुठल्या तरी मोठ्या जहाजाच्या पंख्याची असावी. त्यात घारी तोंड घालत होत्या. चोच बाहेर आली की मागून पांढरं काहीतरी ताणत यायचं.

आणि बोटीवरचे लोक उठले, नाकं दाबून एका बाजूला गोळा झाले. बोट कलली. "जवळ घ्या ना जरा, फ्रेममध्ये येत नाहीये." एका बापाने मुलीला कडेवर घेऊन, तिचं नाक आपल्या हाताने दाबून, स्वतःचा आणि तिचा फोटो काढला. पांढऱ्या टोपीवाल्या एकाने पाण्याची बाटली फेकून मारली. कसा आवाज येतो बघायला. बद्द असा आला. लोक हसले.

त्या मेलेल्या प्राण्याची किळस वाटली का या माणसांची, मला सांगता येत नाही. 

सुनंदाबाई इंजिन बंद करून सुकाणूवरून उठली. "कल्पेश, फिरव बोट."

"अहो, फिरव काय? देवमासा दाखवणार म्हणून आणलंत," टोपीवाला म्हणाला. "हाच आहे ना देवमासा?"

"मयताचं फोटो काडतात का तुमच्यात?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

लोक गलका करायला लागले. तेवढ्यात निसीम उठला. माझा भाऊ, जो वाण्याने वजनात मारलं तरी पिशवी उचलून घरी येतो, तो खुर्चीवर चढला आणि ओरडला, "फोन खाली ठेवा सगळ्यांनी."

"अंकल, तुमचा नातेवाईक आहे का?" टोपीवाल्याने विचारलं.

"हो," निसीम म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वयात परक्या बोटीवर खुर्चीवर उभं राहून तमाशा. पण कुणीतरी एकाने फोन खिशात टाकला, मग दुसऱ्याने. सुनंदाबाईने नारळ पाण्यात सोडला. निसीमने डोक्यावर रुमाल टाकला आणि ओठ हलवले. काय म्हणत होता, मी विचारलं नाही. माशासाठी आपल्यात काही म्हणत नाहीत.

धक्क्याला लागल्यावर त्याने सुनंदाबाईला हात देऊन उतरवलं. ती जन्मभर त्या धक्क्यावर चढते-उतरते, तिला हात कशाला हवा होता, देव जाणे. ओल्या पायऱ्यांवरून मी माझी माझी उतरले.

मंगळवार, २० जानेवारी

सकाळी चहा ओतत होते. निसीम म्हणाला, "ताई, मी मार्चमध्ये येत नाही."

मला वाटलं, आजारी आहे. पाठीचं काही निघालं असेल. मी म्हटलं, उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, मी तुझं रक्त स्वतः काढून देते.

"मी सुनंदाशी लग्न करतोय. रजिस्टर."

बाई गळून पडली नावापुढची. कुठल्या रविवारी गळली, तेवढंही माझ्या लक्षात आलं नाही. एवढे दिवस शर्ट मी धुतले.

मी काय काय म्हणाले ते लिहायची इच्छा नाही. आपल्यातली नाही, शिकलेली नाही, रोनेनला तोंड काय दाखवणार, लोक थुंकतील.  शेवटी मी म्हटलं, "तिच्या हातांना मासळीचा वास येतो."

"येतो," तो म्हणाला.

एवढंच. जसं काही मी तिचं कौतुक केलं.

मी म्हटलं, "शी."

त्याच्या तोंडावर असं मी कधी म्हटलं नव्हतं. तो उठला, कप विसळून उपडा घातला आणि त्याच्या खोलीत गेला.  त्रेसष्ट वर्षांचा माणूस आणि ती बाई, पुढचं डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून मी सगळी कपाटं धुऊन काढली.

मी जाणारच आहे. एकटी जाईन. तिथे सगळं स्वच्छ आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी

दिवे लावले. मनुकांचं सरबत त्याने केलं, नेहमी मी करते. प्रार्थना त्याने म्हटली. मी आमेन म्हटलं नाही. त्याने प्याला माझ्यापुढे ठेवला, मी प्यायले, कारण शब्बाथचा पवित्र दिवस लागलाय, त्याच्यासाठी नाही.

परवाच्या सफरीला जाणार नाही म्हणाला. "तुला त्रास होतो तर नाही जात." हे असं साळसूद वागणं मला सगळ्यात ओंगळ वाटतं. भांडला असता तर बरं झालं असतं.

रविवार, २५ जानेवारी

बाजारात जाते सांगून मोऱ्याला गेले. त्या बाईला काय सुनवायचं ते बसमध्ये मनात जुळवून ठेवलं होतं. तुमच्या वयाला शोभतं का, इथून सुरुवात होती.

ती धक्क्यावर उभी राहून कॅनमधून डिझेल ओतत होती. मला बघून पदराला हात पुसले.

"मला बोलायचंय तुमच्याशी," मी म्हटलं.

"बोला. पन बोटीत बसून बोला. पानी वसरलं की बोट रुतंल."

मेलेल्या देवमाशाची बातमी पसरल्यामुळे सफरीला कामोठ्याचं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, बस. सुकाणू आज कल्पेशकडे होतं. आम्ही दोघी मागे लाकडी फळीवर बसलो. फळीवर सुकलेल्या माशांची चंदेरी भुकटी होती. मी रुमाल पसरून बसले.

मी सुरुवात केली. वयाचं बोलले, जातीचं बोलले. तिने मधे तोंड घातलं नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "सगलं खरं हाय ताय. मी पन त्यांना हेच बोलले. तुमी तिकरं जा, पोराकरं. तर बोलले, मना जायाचंच नव्हतं. बहिनीला जायाचं हाय, तिला एकटी कशी धाडू, म्हनून जात होतो."

"मला?" मी म्हटलं. "मी तर त्याच्यासाठी..."

वाक्य पुरं झालं नाही. मुद्दाम अर्धवट सोडलं असं नाही. त्याच वेळी बोटीच्या उजव्या अंगाचं पाणी गुळगुळीत झालं, वरून इस्त्री फिरवावी तसं. मग त्यातून पाठ वर आली. काळी-करडी, ओली, येतच राहिली, संपेना. बोटीपेक्षा लांब होती. त्यावर कुठेतरी एक भोक उघडलं आणि बसचा एअरब्रेक सुटावा तसा आवाज झाला.

त्याचा श्वास आमच्या अंगावर पडला.

कोमट आणि चिकट. चष्म्यावर, ओठांवर, तोंड उघडं होतं म्हणून तोंडातसुद्धा. वास सांगायचा तर, सडलेली कोबी, मासळी बाजाराची मोरी, आणि मे महिन्यात सुट्टीमुळे लॅबमध्ये राहून गेलेला नमुना, तिन्ही एकत्र. माझ्या पूर्ण आयुष्यात एवढी घाण गोष्ट मी हुंगली नाही. सुनंदाबाई किंचाळली आणि तिने मला मिठी मारली, का मी तिला मारली, आम्ही दोघी फळीवरून खाली बसलो होतो. ती लटलटत होती. मला वाटायचं ही माणसं समुद्राला घाबरत नाहीत.

तो पुन्हा एकदा वर आला, जरा लांब. मग शेपटी न दाखवता, घाई न करता खाली गेला. कल्पेश माइक धरून नुसता उभा होता. कामोठ्याच्या जोडप्याने फोन काढलासुद्धा नाही. बाई नवऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती.

मी कडेला वाकले आणि पोटातलं सगळं समुद्रात टाकलं. कुणीतरी मागून माझं कपाळ धरलं. लहान मुलाचं धरतात तसं, तळहात पुरा टेकवून. त्या हाताला मासळीचा वास होता, डिझेलचाही. मी तो काढून टाकला नाही. टाकायची ताकद नव्हती.

"इतकी वर्सं पान्यात हाव," ती म्हणाली, "पन इतक्या जवल कदी नाय बगला." मग स्वतःच्या बाहीने तिने माझा चष्मा पुसला. तो आणखीच खराब झाला.

जे सुनवायचं ठरवलं होतं त्यातलं अर्धं राहून गेलं. उतरताना आठवत होतं, पण चुळा भरून भरून तोंड दुखत होतं.

घरी निसीमने दार उघडलं आणि नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

"देवमाशाच्या श्वासाचा," मी म्हटलं.

तो दारातच स्टुलावर बसला. त्याला सगळं हवं होतं. किती मोठा, कुठल्या बाजूने, डोळा दिसला का. मी सांगितलं, आपल्या जिन्यापासून गेटापर्यंत भरेल एवढा, आणि अतिशय किळसवाणा. तो ऐकत होता तेव्हा त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. इतके रविवार हा गेला आणि दिसला मला. न्याय म्हणून काही नाही.

मग मी विचारलं, "तुला जायचं होतं का रे तिकडे?"

"तुला जायचं होतं."

"मी कधी म्हणाले?"

"रोज म्हणतेस. तिथे स्वच्छ आहे म्हणून."

"स्वच्छ आहे म्हणजे मला जायचंय, असा अर्थ कुठून काढलास?"

तो स्टूल उचलून आत घेऊन गेला. मीही आंघोळीला गेले. गरम पाणी संपेपर्यंत आत होते.

सोमवार, २ फेब्रुवारी

रोनेनला मीच फोन केला. आधी तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, ते मला समजलं नाही हे बरं झालं. मग मराठीत म्हणाला, "आणि तू, आत्या? तू तरी ये." आवाज अगदी लहानपणीचा आला त्याचा. मी म्हटलं, पावसाळ्यानंतर महिनाभर येईन, परतीचं तिकीट काढून. नोगाच्या शेजारच्या खोलीत तोवर कपाट लावू नका.

फ्लॅटच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. त्याने फोनवर शिव्या दिल्या. गलिच्छ माणूस. अशा माणसाच्या पायांनी माझी फरशी तुडवली जाणार होती.

लग्न एप्रिलमध्ये आहे. निसीम मोऱ्याला राहायला जाणार. शुक्रवारी इकडे येईन म्हणतो. येईल तेव्हा बघू. मी त्या वासात जाऊन राहणार नाही, हे मी स्वच्छ सांगितलं आहे. मला कुणी ये म्हटलंही नव्हतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

तिला जेवायला बोलावलं होतं. म्हणजे निसीमने बोलावलं, मी गप्प राहिले.

दुपारीच आली, पिशवीतून जिताडा मासा घेऊन. हाताएवढा लांब, अजून गिळगिळीत. म्हणाली, "खवल्यांचाच आनला, बाकीचं तुमच्या धरमात चालत नाय ना." मी वर्तमानपत्र पसरत होते तोवर तिने माझ्या ओट्यावर कापायला घेतलासुद्धा. खवले भिंतीवर, डब्यांवर, माझ्या चष्म्यावर. मी म्हटलं, मी कापते, तर कोपराने मला बाजूला सारून म्हणाली, "तुमी सरका." माझ्या स्वयंपाकघरात. आतडी काढून तिने नळाखाली धरली तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ते खवले मला अजून महिनाभर सापडत राहतील.

नारळाचं दूध घालून कालवण मी केलं. ते तिला करू दिलं नाही.

दिवे लावले. ती हात जोडून बसली, त्यांच्या पद्धतीने. 

निसीम वाढत होता. जिताड्याचं डोकं घरात जी मोठी बाई असेल तिच्या ताटात जातं. आई होती तोवर आईच्या, मग माझ्या. भावजय होती तेव्हासुद्धा माझ्याच. निसीमने पळीत डोकं घेतलं आणि एक क्षणभर पळी ताटांच्या मधे तशीच थांबली. रस्सा ठिबकत होता. मग त्याने ते सुनंदाच्या ताटात वाढलं.

मी भातात बोटं फिरवत राहिले.

ती ताटाकडे बघत बसली. मग दोन्ही हातांनी डोकं उचललं, अंगठे घालून कट्टकन मधोमध फोडलं, आणि ज्या हातांनी फोडलं त्याच हातांनी अर्धं माझ्या ताटात ठेवलं. रस्सा मनगटापर्यंत ओघळला होता, तो तिने चाटून घेतला.

शी. पण गालाचं मांस तिने माझ्या बाजूला ठेवलं होतं. मी खाल्लं. डोळाही खाल्ला.